थर्मोस्टॅटखालचा चहा

शिकागोजवळच्या आमच्या निवृत्त मंडळींत पूर्वी गुडघ्यांच्या गप्पा चालायच्या. हल्ली घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या चालतात! कुणाची ना कुणाची पेटत नसतेच. त्यातले बरेचसे किस्से माझ्या नावावर जमा आहेत. आयुष्यभर कॉलेजात ज्वलन शिकवलं. पण फर्नेस असते त्या तळघरात उतरायचं मी टाळतो.

कारण कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून निखिलने, म्हणजे आमच्या मुलाने, दम दिलाय, "बाबा, फर्नेस पुन्हा बंद पडली तर घर विकायचं. तुम्ही दोघं इकडे यायचं. फायनल!"

*

आमच्याच मंडळींतल्या नाडकर्णींची फर्नेस पेटेना. मला एक्स्पर्ट म्हणून बोलावलं. मी झाकण काढून ज्योतीची वाट पाहत बसलो, बर्नरवर लेक्चरही दिलं. ढिम्म!

शेवटी वहिनी म्हणाल्या, "चहा घ्या, आणि आधी ते झाकण लावा, बघवत नाही!"

लावलं. भक्‌कन पेटली. झाकण उघडं असलं की ती पेटतच नाही, मुद्दाम तशी सोय असते. नाडकर्णींनी फिल्टर बदलल्यावर झाकण नीट बसवलंच नव्हतं!

*

याच वहिनींनी इडलीचं पीठ फुगावं म्हणून पातेलं फर्नेसवर ठेवलं. ते फुगलं, उतू गेलं, आत शिरलं. मेकॅनिक बराच वेळ खरवडत होता.

"मॅडम, हे इन्सुलेशन कुठल्या कंपनीचं?"

*

बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची, ही माझी जन्माची सवय. तळघराच्या जिन्यातलं एक बटण दिव्याचं नव्हतं, फर्नेसचं होतं. मेकॅनिक आला, त्याने ते दाबलं आणि विचारलं, "घरात लहान मुलं आहेत का?"

"नाहीत," ही म्हणाली, "प्रोफेसर आहेत!"

*

यंदा जानेवारीत मात्र आमची फर्नेस खरंच बिघडली. हॉलमधला थर्मोस्टॅट घराचं टेंपरेचर मोजतो, आणि ते निखिलला तिकडे फोनवर दिसतं. माझा धीर सुटला.

"त्यात काय!" ही म्हणाली. वाफाळत्या चहाचा कप घेऊन ती हॉलमधल्या थर्मोस्टॅटखाली उभी राहिली. आकडा भराभर चढला.

थोड्या वेळाने निखिलचा मेसेज: "नाइस अँड वॉर्म, बाबा!"

खाली तळघरात मेकॅनिकने पार्ट बदलला. फर्नेस पेटेना. वायर तपासल्या. पेटेना.

"सर, मशीन एकदम ओके आहे," तो डोकं खाजवत म्हणाला. "पण थर्मोस्टॅट हीट मागतच नाही! मला वाटतं, अख्खी सिस्टिम नवीन घालावी लागेल."

माझ्या डोळ्यांपुढे दारातली 'फॉर सेल'ची पाटी आली.

तेवढ्यात वरून हिची हाक आली, "अहो, चहा निवत आला! दुसरा टाकू का?"