एबीएस, पोहे आणि पोतं

सांगते, पण हसायचं ते शेवटी. मध्येच हसलात तर चहा गार करून देईन. माणसाने किती तोंडघशी पडावं याला काही मर्यादा असते, आणि ती मी एका रविवारी नाश्ता ते जेवण एवढ्या वेळात ओलांडली.

आमची सोसायटी बिबवेवाडीत. आमचे हे मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर, मी घरी. पहिला मजला, बाल्कनी बरोबर पार्किंगवर. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, हे मला आपोआप कळतं. लोक याला नसत्या चौकशा म्हणतात. मी शेजारधर्म म्हणते.

समोरच्या दारात रोहिणीताई आणि त्यांचा मुलगा निखिल. पोरगा गुणी. हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत. तेव्हा तिकडे सगळं नुकतं सुरू झालं होतं. हिंजवडी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे अजून उसाची शेतंच यायची. पगार चांगला, व्यसन नाही. खूळ मात्र एक होतं: जुनी लाल स्पोर्ट्स कार. कोरेगाव पार्कातल्या कोणीतरी परदेशात जाताना विकली, ती याने घेतली. दोनच दारं, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. उठताना कोणीतरी हात द्यावा लागतो.

या गाडीत एक पिवळा दिवा लागला तो विझेना. एबीएसचा. आता तुम्ही विचाराल, काकू, एबीएस म्हणजे काय? मला सगळं ठाऊक आहे, निखिलला जिन्यात अडवून मी समजावून घेतलं होतं. एकदम जोरात ब्रेक दाबला की चाकं अडकतात आणि गाडी घसरत जाते. तसं होऊ नये म्हणून आत एक पेटी असते. ती ब्रेक भराभर धरते-सोडते, धरते-सोडते. ती पेटी बिघडली होती.

नाना पेठेतला गॅरेजवाला म्हणाला, काढून टाका. एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट मिळायचा नाही, साधा ब्रेक ठेवा, अख्खं पुणं साध्या ब्रेकवर चाललंय. ऑफिसातले मित्र म्हणाले, वेडा आहेस का, दुरुस्त कर. निखिल सकाळी एक ठरवायचा, संध्याकाळी दुसरं. मी माझं मत कधीच देऊन टाकलं होतं. काढ. गुळाचे टेम्पो कात्रजचा घाट उतरतात, त्यांना कुठे असते पेटी?

तेवढ्यात लग्नाचं निघालं. मुलगी अश्विनी, त्याच्याच कंपनीतली. दोघांचं जमलेलं, रोहिणीताईंनाही पसंत. अडलं होतं मुलीच्या वडिलांवर. मुंढव्याकडचे शेतकरी, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. मुलाकडे स्पोर्ट्स कार आहे एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं, आणि असली गाडी ठेवणारा मुलगा म्हणजे उडाणटप्पू, असा त्यांनी निकाल लावला होता. तरी मुलीसाठी एकदा शेजारीपाजारी विचारून येतो, म्हणाले होते. ते नाही म्हणाले असते तर अश्विनी त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नव्हती. निखिलच्या ताटातली भाकरी तशीच राहायला लागली होती. (मला कसं कळलं? कळलं.)

आता शेजारीपाजारी म्हणजे कोण? मीच की.

शनिवारी संध्याकाळी रोहिणीताई आल्या. "उद्या आम्ही सासवडला मावशींना भेटून येतो. मधल्या वेळात आप्पा आले तर सांभाळून घ्या. गाडीचं विचारलं तर ठणठणीत आहे म्हणा. ब्रेकचं अवाक्षर नको."

त्या गेल्या तसा निखिल किल्ली घेऊन आला. "काकू, उद्या पानसे म्हणून ब्रेकचे एक जाणकार येणार आहेत. मी यायच्या आधी आले तर गाडी दाखवा. आणि त्यांना सगळं खरं सांगा हं, काही लपवू नका."

म्हणजे एकाला खोटं सांगायचं, एकाला खरं. यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

रविवारी सकाळी बाल्कनीतून पाहते तर खाली रिक्षातून एक गृहस्थ उतरले. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, हातात जड पिशवी. मुंढव्याकडच्या जमिनींना तेव्हा काय भाव आला होता ते सगळ्यांना माहीत होतं. मी मनात म्हटलं, आले आप्पा. नाव विचारायची गरजच वाटली नाही. असं तोंडावर नाव विचारणं बरं दिसतं का?

"निखिल घरी आहेत का?" त्यांनी वर बघून विचारलं.

"येईलच. तुम्ही वर या आधी, पोहे टाकलेत."

ते बिचारे आले. पिशवी मी हातातून घेतली, तर हात खाली गेला. पहिल्याच भेटीला केवढे पेढे आणलेत या माणसाने.

"गाडीचा त्रास नक्की काय आहे?" बसल्या बसल्या त्यांनी विषयालाच हात घातला.

"त्रास? छे हो. गाडी ठणठणीत."

"दिवा लागतोय असं कळलं होतं."

मी चरकले. म्हणजे बातमी मुंढव्यापर्यंत पोचली तर. पण मी काय कच्ची आहे? "लागत होता. निखिलने दुरुस्त करून घेतला."

"कोणाकडून?"

"मुंबईहून माणूस बोलावला होता. फार मोठा तज्ज्ञ."

चमचा थांबला. चष्मा नाकावर खाली आला. "मग मला कशासाठी बोलावलं?"

"अहो, मुलगा बघायला नको का? निर्व्यसनी आहे. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही."

"बाई, मला त्याच्या सुपारीशी काय करायचंय?"

काय हा मोकळ्या मनाचा माणूस, मला वाटलं. ते उठले, पिशवी उचलली. "कसब्यातून इथवर आलो मी. तुमचे पोहे चांगले होते. त्यात मीठ नव्हतं, पण चांगले होते." आणि जिना उतरून गेले.

कसब्यातून? असेल तिकडे कोणी नातेवाईक. पेढे परत नेले ते मात्र मला जरा लागलं.

ताटली विसळते तोवर खालून हाक. "निखिलचं घर हेच का?" पाहते तर चुरगळलेला शर्ट, बाह्या वर सारलेल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. बाजूला एक जुनी मोटारसायकल. वाटेत तिची चेन पडली होती आणि ती त्यांनी बसवली होती, हे मला नंतर कळलं. हल्ली मला सगळं नंतरच कळतं.

मी किल्ली, अंगाखाली घ्यायला एक पोतं आणि कान तुटलेल्या कपात चहा घेऊन खाली गेले. हो, कान तुटलेला कप. काळे हात लागणार, चांगला कशाला काढा?

"उशीर केलात," मी म्हटलं. "ही गाडी. हे पोतं."

त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग काय मनात आलं देव जाणे, पोतं अंथरून गाडीच्या चाकाशी उकिडवे बसले. "हं. सांगा."

"मेकॅनिकपासून काय लपवायचं?"

"नका लपवू," ते म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

मग मी सांगितलं. दिवा कधीपासून लागलाय, नाना पेठवाला काय म्हणतो, मित्र काय म्हणतात, पोराचं कसं ठरत नाही. आणि आवाज खाली आणून म्हटलं, "हे मुलीच्या वडिलांच्या कानावर जाता कामा नये बरं का. फार खडूस आहेत म्हणे."

"आसं? आजून काय ऐकलंय त्यांच्याबद्दल?"

"आत्ताच येऊन गेले की. कडक इस्त्री, सोन्याचा चष्मा. जमिनी विकल्या की माणसाची मानच वाकत नाही हो. घाबरवून सोडलंय पोराला. जेवत नाही तो."

"जेवत न्हाई?" त्यांनी कप खाली ठेवला. "आन् ह्या गाडीतनं पोरीला लई फिरवत आसंल."

"छे. तिथेच तर सगळं आहे. दिवा लागल्यापासून एकदाही बसवलं नाही तिला. ती म्हणते हळू चालव, काय होतंय. हा म्हणतो, ब्रेकचं ठरेपर्यंत तू कंपनीच्या बसने जा. स्वतःही बसने जातो तिच्याबरोबर. गाडी नुसती पुसून ठेवतो."

त्यांनी काळ्या बोटांनी चाक चाचपलं. मग म्हणाले, "तुमचं काय मत? काढायचं का दुरुस्त करायचं?"

"काढून टाका. कटकट जाईल."

"न्हाई," ते उठले आणि पोतं झटकलं. "दुरुस्तच करायचं. कितीबी दिवस लागू द्या. माझी अश्विनी बसणार हाय ह्या गाडीत."

आता माझं तोंड कसं झालं असेल ते तुम्हीच मनात आणा. मी पोत्याकडे पाहिलं. कान तुटलेल्या कपाकडे पाहिलं. धरणीमाता सोसायटीच्या फरशीखाली होती, तिचा उपयोग नव्हता.

"आप्पा," मी म्हटलं, "कप... वर चांगला कप आहे."

"राहू द्या. ह्यातबी च्या ग्वाड लागला. मीठ कमी व्हतं, पण च्यात नसतंय ते." म्हणजे माझ्या पोह्यांची कीर्ती फाटकात त्या पांढऱ्या शर्टवाल्याकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती. तेवढ्यातल्या तेवढ्यात.

तिकडून रोहिणीताई आणि निखिल रिक्षातून उतरत होते. आप्पा निखिलला म्हणाले, "आधी जेवत जा नीट. मग लग्नाचं बोलू." रोहिणीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही पदर डोळ्यांना लावणार, तोच निखिलने विचारलं, "काकू, पानसे आले होते का? ती पेटी ते पिशवीतून आणणार होते. तशी दुसरी पुण्यात कुठेच मिळत नाहीये."

पेढे.

त्याच दुपारी मी आणि निखिल कसब्यात पानशांच्या दारात उभे. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "मुंबईचे तज्ज्ञ आजारी आहेत का?" मी हात जोडले. खरं काय ते सांगितलं, सगळं, पोत्यासकट. ते हसले नाहीत. पण दार पूर्ण उघडलं. "पुढच्या रविवारी येतो. पोहे नकोत."

आले आणि दिवसभर गाडीखाली राहिले. संध्याकाळी दिवा विझला. निखिल दर थोड्या वेळाने गाडी बंद करून परत चालू करत होता, नुसता तो विझलेला दिवा बघायला. आप्पाही अश्विनीला घेऊन आले होते. ती त्याच्या शेजारी बसायला पुढे झाली, तर पानसे म्हणाले, "आधी मी बघणार. मागच्या रस्त्यावर पाणी मारा. शेजारच्या सीटवर कोणीतरी वजनदार बसा."

सगळ्यांनी माझ्याकडे का पाहिलं कळलं नाही. मी बसले. एकदाची बसले, म्हणा. पानशांनी गाडी ओल्या रस्त्यावर सोडली आणि एकदम जोरात ब्रेक दाबला. खालून दडदड, दडदड आवाज झाला. मी ओरडायला सुरुवात केली. आई आई गं, गेले, रोहिणीताई, माझ्या डब्यातल्या गुळाच्या पोळ्या तुम्हाला, निखिल, नीट संसार कर...

गाडी सरळ रेषेत, तसूभर न घसरता उभी होती. कधीची. अश्विनी आणि निखिल टाळ्या वाजवत होते.

पानशांनी चष्मा पुसला, परत लावला आणि माझ्याकडे वळले.

"गाडी थांबली, बाई. आता तुम्ही थांबा."