युसूफभाई आणि पुसलेला घोडा

सासऱ्यांच्या घरातलं जुनं तैलचित्र मी धुण्याच्या सोड्यानं पुसलं.

घोटीहून ते माझ्याकडे आलं होतं फक्त नव्या चौकटीसाठी. जुनीला वाळवी लागली होती. चित्रात पाचेक वर्षांचं पोर, पायाशी भोवरा आणि चेंडू, हातात लाकडी घोडा. हा सासऱ्यांचा थोरला भाऊ. पुढच्याच वर्षी तापानं गेला; त्याचा फोटो असा कधी निघालाच नाही. हे सगळं ठाऊक असून मला वाटलं, चौकट नवी होतेच आहे, तर पोरालाही जरा उजळवू. नशीब, सुरुवात तोंडापासून न करता हातातल्या घोड्यापासून केली. फडका तांबडा झाला आणि घोडा फडक्यात आला. पोराची बोटं पांढरट पडू लागली.

तसाच नाशिक रोडहून बस धरून भद्रकालीत युसूफभाईंचं दुकान गाठलं. चौकटी करणारा हा माणूस बसलेला मी कधी पाहिला नव्हता. एकाची काच कापता कापता दुसऱ्याचा गणपती टांगायचे आणि ओठांत खिळे धरून वर आपल्यालाच सुनवायचे, "घाई कशाला, साहेब? घाईत काच तडकते." चित्र पाहताच त्यांनी ओठांतले खिळे काढले.

"सोडा?"

"थोडासाच."

"जहर काय पातेलंभर लागतं?"

मी हळूच सुचवलं, एखाद्या पेंटरकडून नवा घोडा काढून घेऊ, सासऱ्यांना पत्ताही लागणार नाही.

"मी चौकट करतो, साहेब. आतलं बदलायला लागलो तर लोकांचे बाप बदलतील."

मग त्यांनी दाराची एक फळी लावली आणि चक्क जमिनीवर बसले. ओल्या कापसानं एकेक बोट टिपत राहिले. गिऱ्हाईकं हाका मारून परत गेली. हात स्थिर, पण गुडघा सारखा हलत होता. मी तर दुकानापुढे येरझारा घालून चप्पल झिजवली. संध्याकाळपर्यंत बोटं वाचली. घोड्याच्या जागी उघडं कापड राहिलं.

रविवारी ते माझ्याबरोबर घोटीला आले. "वाटेत तुम्हाला आणखी काही सुचायचं," म्हणाले. एसटीत चित्र टपावर ठेवू दिलं नाही. उभ्यानंच छातीशी धरून आणलं.

सासऱ्यांनी ते उजेडाकडे नेलं. रिकाम्या मुठीवर अंगठा ठेवून विचारलं, "इथं घोडा होता ना?"

युसूफभाई माझ्याकडे बघत राहिले. मला सांगावंच लागलं. सासऱ्यांनी अंगठा मुठीवरून पोराच्या गालापर्यंत नेला. मग म्हणाले, "तोंड राहिलं. दादा तेवढाच आहे माझ्याकडे." त्यांनी युसूफभाईंना हाताला धरून पाटावर बसवलं. मला वाढलं, पण बसा कुणी म्हणालं नाही.

पुढे काही वर्षांनी युसूफभाई दम्यानं अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर पडल्या पडल्याही चादर ओढ, उशी फिरव, चाललंच होतं. खाटेशेजारी मुलानं भरलेल्या तसबिरी टेकवलेल्या. एकीवर धूळ होती. काहीतरी करावं म्हणून मी रुमाल काढला.

धाप लागलेली असूनही ते कोपरावर उठले. "साहेब, तुम्ही नुसते बसा. हात खिशात."