रिकाम्या गाडीची थरथर

१२ डिसेंबर, बुधवार. नळाला पाणी उशिरा आलं. पडदे धुतले. भावजी दुपारी जेवायला आलेच नाहीत. शववाहिकेच्या दुरुस्तीत अडकले होते.

भावजी म्हणजे आमच्या यांचे धाकटे भाऊ. गॅरेजमध्ये त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. जन्म गाड्यांच्या पोटाखाली गेलेला, त्यामुळे माणसांशी बोलतानाही कुठे काय खडखडतंय ते ऐकत असल्यासारखी मान तिरकी. भुताखेतांचा विषय निघाला, की म्हणायचे, "बघा, कुठला तरी नट ढिला असेल."

त्या दिवशी शववाहिकेचा ड्रायव्हर समोर उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"मिस्त्री, जाताना गाडी अगदी गप्प असते. माणूस उतरवून रिकामा परत निघालो, की साठच्या पुढे मागून थरथर सुरू. कुणीतरी फळीवर बोटं वाजवल्यासारखी."

"मग मागे वळून विचारायचं, काय हवंय म्हणून!"

"थट्टा नको. साहेब म्हणतात, तुझं डोकं फिरलंय. आज दोष सापडला नाही तर उद्यापासून घरी बसायचं."

मिस्त्रींनी चाकं तपासली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, त्याचे जोड हलवून पाहिले. कशातच खोट नव्हती. शेवटी हत्यारांची जड पेटी घेऊन ते मागे चढले आणि स्ट्रेचरच्या जागी स्वतःच आडवे झाले. तळहात फळीला टेकवला. कानापेक्षा त्यांचा तळहातावर भरवसा जास्त.

ड्रायव्हरने गाडी पळवली. साठ. सत्तर. फळी गार, निश्चल.

"काही नाही रे!" ते ओरडले.

"नसणारच," पुढून आवाज आला. "आता आत माणूस आहे ना."

 गॅरेजमध्ये परतून मिस्त्रींनी पेटी उतरवली आणि ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. गाडी साठवर पोचली, आणि मागे बोटं वाजू लागली. आरशात पाहायचं त्यांनी टाळलं.

मग एकदम म्हणाले, "फिरव गाडी. वजन! माझंच चुकलं."

गेल्या महिन्यात त्यांनीच मागचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, नवे घातले होते. ते इतके ताठ, की रिकामी गाडी मागून उचललेली राही आणि शाफ्टचा कोन बिघडे. आत वजन आलं, की कोन जागेवर. मिस्त्रींनी पाट्यांखाली लोखंडी पाचर बसवून कोन सरळ केला. रिकामी गाडी पुन्हा पळवली. साठ, सत्तर, चिडीचूप. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला, चूक आपल्या अंगावर घेतली. नोकरी वाचली.

"सुटलास लेका! आता तरी हस."

ड्रायव्हर हसला नाही.

"मिस्त्री, आजवर ती फळी वाजली, की गाडी रिकामी आहे हे कळायचं. आता कसं कळणार?"

 गॅरेज येईपर्यंत दोघांपैकी कुणी मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं: पडदे वाळले. भावजी म्हणाले म्हणून त्यांचं अंथरूण मागच्या खोलीतून उचलून बाहेरच्या खोलीत घातलं.