गरब्याच्या माळा आणि नवव्या मजल्याचा प्लग

"मॅडम, रविवार के दिन लाइट काहे को बंद करते हो? लोग मेरे को गाली देंगे."

मीरा रोडच्या एका चौदा मजली सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई मीटर रूममध्ये माझ्या आणि मेन स्विचच्या मधे उभे होते. सकाळचे अकरा वाजले होते. सोसायट्यांचे जनरेटर सांभाळणं हे माझं काम. पावसाळ्याआधी मी प्रत्येक ठिकाणी एकदा मुद्दाम लाइट घालवते. त्यामुळे मे महिन्यात मला कोणी चहा विचारत नाही.

"जनरेटर तो हर शनिवार दस मिनट चलाते हैं. दसरे को हार भी डालते हैं," मेहताभाई म्हणाले.

खरं होतं. पण तो चालायचा 'नो लोड'वर. म्हणजे इंजिन सुरू, वीज कुठेच जात नाही. रिक्षा स्टँडवर नुसती घुरघुरत ठेवायची आणि गाडी फिट आहे म्हणायचं, तसं.

मला काळजी नवव्या मजल्याची होती. तिथले नाईक काका दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असतात आणि ते मशीन विजेवर चालतं. सोसायटीने त्यांच्या खोलीत जनरेटरच्या लाइनवर एक खास प्लग दिला होता. त्या भरवशावर काकूंनी घरात सिलिंडर ठेवलाच नव्हता. टेस्टपुरता मी एक मागवून घेतला, तो काकांना लावला आणि मगच खाली आले.

मेन ओढला. दहा सेकंदांत जनरेटरने लोड घेतला, लिफ्ट हलली. मेहताभाईंनी मिशीवरून हात फिरवला. मी काकूंना फोन लावला.

"काकू, मशीन सुरू झालं का?"

"नाही गं. पण खाली गरबा सुरू झालाय."

आम्ही बाहेर आलो. क्लब हाउसवर गेल्या नवरात्रातल्या माळा भर उन्हात लुकलुकत होत्या. स्पीकरवर गरबा दणक्यात वाजत होता. दोन बायकांनी भाजीच्या पिशव्या खाली ठेवून फेर धरलासुद्धा.

मेहताभाईंचा चेहरा उतरला. "नवरात्री में लाइट जाती तो इज्जत का सवाल था. इलेक्ट्रिशियन ने जनरेटर की एक लाइन इधर घुमाई, लाइट जाए तभी चालू होने वाली. वापस करना रह गया."

ती लाइन नाईक काकांची होती. त्यांचा प्लग इलेक्ट्रिशियनने साध्या लाइनवर टाकला, म्हणून एरवी व्यवस्थित चालायचा. काका तेव्हापासून मुलीकडे पुण्याला होते, आठवड्यापूर्वीच परतले होते. कोणाला कळणार?

मला हसूही येत होतं आणि संतापही. "सच में लाइट जाती तो, मेहताभाई?"

 मी वायर बदलेपर्यंत मेहताभाई टॉर्च धरून उभे राहिले. दुसऱ्या टेस्टला स्वतः नवव्या मजल्यावर गेले आणि फोनवर म्हणाले, "चालू है मॅडम. काका हँस रहे हैं." त्यांचा आवाज मात्र रडवेला होता. मला इतका आनंद झाला, की स्पीकर आता बंद असूनही बाहेर जाऊन मीही एक फेरी गरबा खेळून घेतला.

जनरेटर सुरू झाला हे मीटर रूममध्ये कळतं. वीज पोचली का, हे ज्याला ती हवी त्यालाच विचारावं लागतं. म्हणून जुलैत वादळी पावसात दुपारभर लाइट गेली, तेव्हा पहिला फोन काकूंना केला.

"सगळं ठीक ना?"

"ठीक कसलं? पंखा बंद आहे म्हणून हे मघापासून माझ्यावर ओरडतायत."

ओरडण्याइतका श्वास आहे म्हटल्यावर मी निश्चिंत होऊन फोन ठेवला.