शिवेवरची भिंत

थेरगावच्या कोंडाजीला रस्ते आखायचं कुणी शिकवलं नव्हतं. बासष्टच्या सुमारास पिंपरीकडच्या कंपन्यांचे भोंगे रानात ऐकू येऊ लागले, तेव्हा हा गडी भोंगा झाला की औत सोडायचा आणि न्याहारीला बसायचा. कंपन्यांशी त्याचा संबंध एवढाच. पण माणसं वाढली, जागा मागायला लागली, आणि चौऱ्याहत्तर साली त्यानंही रानात प्लॉट पाडायला घेतले. टेप नाही, नकाशा नाही. बैलगाडीत दोन्ही अंगांनी बाहेर लोंबेल इतका कडबा भरला, गाडी रानातून हाकली आणि कडबा जिथवर पोचला तिथं खुंट्या ठोकल्या. शेजाऱ्यांनी रिकाम्या गाडीच्या मापानं गल्ल्या सोडून उरलेली जागा विकली होती. ते पोट धरून हसले.

"हसा," कोंडाजी म्हणाला. "पान्याचा टँकर आला की रडाल."

सर्वांत रुंद गल्ली त्यानं जुन्या गाडीवाटेवर सोडली. ही वाट त्याच्या रानातून सरळ शिवेवरच्या बांधाला भिडायची आणि पलीकडं वाकडच्या हद्दीत त्याच्या धाकट्या बहिणीच्या, सावित्रीबाईच्या दारात जायची. हाक मारली तर ऐकू जावी एवढंच अंतर. पण हाक मारायची सोय राहिली नव्हती. पाच वर्षांपूर्वी बांधावरची बाभूळ कुणाची यावरून कोंडाजीचं आणि बहिणीच्या नवऱ्याचं, सोपानरावांचं, वाजलं होतं. झाड तोडलं सोपानरावांनी आणि शपथ घेतली कोंडाजीनं, की तुमच्या उंबऱ्याला पाय लावीन तर नाव बदलीन. सोपानरावांनीही तीच शपथ उलट ऐकवली. त्या बाभळीला धड सावलीही नव्हती.

पुढं सोपानरावांनीही प्लॉट पाडले. गाडीवाट त्यांनीही सोडली, पण बांधाजवळचा शेवटचा प्लॉट नेमका वाटेवर आडवा घातला. कोंडाजीची गल्ली आपल्या अंगणात येऊ नये, एवढाच हिशोब. तरी प्लॉट मोकळा होता तोवर निभावलं. दर भाऊबीजेला सोपानराव कुठंतरी बाहेर जायचे, मग सावित्रीबाई पदराखाली ताट झाकून मोकळ्या प्लॉटातून बांध ओलांडून यायची, भावाला ओवाळायची आणि लगबगीनं परत जायची.

एकोणऐंशी साली तो प्लॉट भीमराजनं घेतला. दुष्काळात उस्मानाबादकडून आलेला, कंपनीत टर्नर असलेला हा सरळ माणूस. त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर चारी बाजूंनी भिंत घातली. त्याचं काय चुकलं? पण वाट मेली. पलीकडचे कामगार फर्स्ट शिफ्टला सायकली रेटत मोठ्या रस्त्यानं दीड मैलाचा वळसा घालू लागले. त्यांनी दोन्ही ग्रामपंचायतींत अर्ज दिला. दोन्हींकडून एकच उत्तर आलं: रस्ता आमच्या हद्दीबाहेर आहे.

सावित्रीबाईचे गुडघे तोवर धरले होते. त्या भाऊबीजेला कोंडाजी पाटावर बसला, तो दुपारपर्यंत बसूनच राहिला. ती आली नाही. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

"तुमीच जावा की तिच्या घरी," त्याची बायको गोजाबाई म्हणाली.

"शपथ हाय."

"मग शपथेकडूनच ववाळून घ्या."

हा टोला वर्षभर त्याच्या मनात राहिला. शेवटी पुढच्या दिवाळीच्या महिनाभर आधी तो वळसा घालून भीमराजकडं गेला. मोठ्या रस्त्याला लागून कोंडाजीनं एक कोपरा स्वतःसाठी राखून ठेवला होता, म्हातारपणी तिथं पिठाची गिरणी टाकायची म्हणून.

"ह्यो प्लॉट मला दे आन माझा रस्त्यावरचा घे. गुंठ्याला गुंठा. तिथली भिंत मी बांधून देतो."

भीमराजला वाटलं, यात काहीतरी गडबड आहे. सोन्यासारखी जागा कोण देतो? आठ दिवस तो ड्युटीवरून सुटला की त्या कोपऱ्यावर जाऊन बसायचा, जमिनीखाली विहीर बुजवलीय की काय म्हणून पहारीनं ठोकून बघायचा. शेवटी त्यानं सरळ विचारलं, "काका, खोट काय हाय बगा त्या जागंत?"

"जागंत न्हाई. माझ्यात हाय. माझी भैन त्या भिंतीपल्याड हाय."

भीमराज म्हणाला, "गुरुवारी पाडू. सुट्टी हाय सगळ्यांना."

गुरुवारी दोन्ही बाजूंचे कामगार जमले. भिंत दोन तासांत गेली, बांधाला मात्र संध्याकाळ झाली. सोपानराव लांब उभे राहून बघत होते. ना अडवायला आले, ना मदतीला.

भाऊबीजेच्या सकाळी कोंडाजी नवी टोपी घालून बांध होता तिथवर गेला आणि थांबला. समोरून सोपानराव येत होते, सायकल हातानं ढकलत, आणि कॅरिअरवर सावित्रीबाई, मांडीवर ताट घेऊन. ताट उघडंच होतं.

"दाजी," कोंडाजी म्हणाला, "आज बाहेर गेला न्हाई?"

"अकरा सालं झाली," सोपानराव म्हणाले. "दर भाऊबीजेला चावडीवर बसून कटाळा आला. तिचं ताट मला दिसत नव्हतं व्हय?"

शपथ दोघांचीही आड येत होती, म्हणून पाट रस्त्यातच मांडला. एक टेम्पो येऊन मागं थांबला, मग चार सायकली. कुणी घंटी वाजवली नाही. सावित्रीबाईनं ओवाळलं, भावाच्या हातातली साडी घेतली आणि म्हणाली, "दादा, जाताना मी चालतच जानार."

ती निघाली. गुडघ्यांमुळं सावकाश, नवऱ्याचा हात धरून. आजवर बांध ओलांडला की भाऊ दिसेनासा व्हायचा, आणि चोरून आलेल्या बाईला मागं वळून बघायची उसंत नसायची. आता रस्ता सरळ होता. ती दहा पावलं गेली की वळायची, बघायची, पुन्हा चालायची. तिनं दाराची कडी काढली तेव्हाही कोंडाजी तिथंच उभा होता, आणि टेम्पोवाला इंजिन बंद करून त्याच्या बाजूला.