तिसरी हाक

बाबा गेल्यावर वर्षभराने आम्ही त्यांनीच आखून ठेवलेल्या प्रवासाला निघालो. आई, मावशी, मी आणि आमच्या नांदेडचाच ओळखीचा ड्रायव्हर. बुऱ्हाणपूर, ग्वाल्हेर, आग्रा आणि शेवटी हिमाचलातलं स्पितीचं खोरं.

आईचं माहेर हिमायतनगरकडचं. तिथे पोरींना शिकवतात की बाहेरून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसरी मारतो. दुसरं काही असेल तर त्याला तिसरी मारता येत नाही. मी इंग्रजी शाळेतली. मनातल्या मनात हसायचे.

बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात आई थबकली. "कुणी हाक मारली का?"

"मी न्हाई," मावशी म्हणाली. "अन् ही तर मारणारच न्हाई. एवढी फी भरून हिचं तोंड बंद केलंय शाळेनं."

ड्रायव्हर हसला. मीही हसले. ग्वाल्हेरला गर्दीत आईने पुन्हा तेच विचारलं. आग्र्यात तिने विचारलं नाही, नुसती मान वळवली. ते मला जास्त लागलं.

स्पितीत दुपारी रस्त्यावर दरड आली होती. गाडी थांबली. मावशी डुलक्या घेत होती, ड्रायव्हर पुढे बघायला गेला. खोऱ्यात एक झाड नाही, पाखरू नाही. आपलाच श्वास मोठा वाटावा इतकं शांत. मी बाटली शोधायला वाकले आणि वर पाहिलं तर आई रस्त्याच्या कडेला उभी होती. खाली नदी दोरीएवढी दिसत होती. आईचा चेहरा समोरच्या डोंगराकडे होता आणि पायाखालचे खडे सुटून खाली जात होते.

धावत गेले तर दचकेल, असं वाटलं. मला मोठ्याने बोलता येत नाही. वर्गात हजेरीलाही माझा आवाज फुटायचा नाही. तरी ओरडले, "आई!"

"ओ," ती म्हणाली आणि वळून चालत आली.

गाडीत तिचे हात बर्फासारखे होते. मी विचारलं, "तिथं काय करत होतीस?"

"तुझ्या बाबांनी दोनदा हाक मारली. तिसरीची वाट बघून राहिले होते." काच वर करत म्हणाली, "तिसरी तुझी आली."

तिसरी त्यांची आली असती तर, हे मी विचारलं नाही.

आता घरी आईला हाक मारायची असली की मी सलग तीनदा मारते. मधे जागा ठेवत नाही.