टोपल्यातले थोरले कांदे

मी बंगळूरला निघाले त्या सकाळी आई परसात उकिडवी बसून वहिनीला गुलछडीचे कांदे लावायला शिकवत होती. बाहेर गाडी उभी, नवरा सारखा घड्याळ बघतोय, आणि आईचं आपलं चालूच: शेंडा वर ठेव, वर बोटभर माती, पाणी बेतानं. वहिनीला आमच्या घरी येऊन जेमतेम महिना झाला होता. आई उठली, पदराला हात पुसले, मला कुंकू लावलं आणि पुन्हा वाफ्यापाशी जाऊन बसली. मला रडू आलं नाही. राग आला.

वरकुट्याला, माहेरच्या त्या परसात मला कधी कुणी खुरपं धरू दिलं नाही. जवळ गेले की आई म्हणायची, "तू पुस्तक घिऊन बस. हितं चिखलात काय हाय तुजं?" पुढे बारामतीला कॉलेजात गेले, तरी सुट्टीला आले की तेच. तेव्हा तो लाड वाटायचा. तुमच्यापैकी ज्यांना असंच पुस्तक हातात देऊन घराबाहेर काढलं असेल, त्यांना कळेल. इथं तुझं काही नाही, हेच आई वर्षानुवर्षं सांगत होती, आणि मी आपली पहिला नंबर काढत होते.

आता आठव्या मजल्यावर माझी बाल्कनी आहे, कोकोपीट आहे, अपार्टमेंटचा गार्डनिंग ग्रुप आहे. घरच्या ग्रुपवर मात्र वहिनीचे फोटो येतात. देवापुढे गुलछडी, आईच्या अंबाड्यात गुलछडी, आणि खाली आईचा व्हॉइस मेसेज: "सुनंच्या हाताला गुण हाय बाई." मी अंगठा पाठवते. मनात येतं, एखाद्या वर्षी कीड पडावी. हे लिहायला लाज वाटते, पण येतं मनात.

गेल्या एप्रिलमध्ये मुलीच्या सुट्टीत गेले होते. कांदे उकरून झाले होते. ओसरीवर पोत्यावर लिंबाहून बारके कांदे सावलीत सुकत घातले होते, आणि मोरीमागं आडोशाला एक टोपलं, त्यात नुसते थोरले, गरगरीत कांदे. म्हटलं, बघा, चांगले तेवढे बाजूला काढलेत. जाणार वहिनीबाईंच्या माहेरी, लोणी देवकरला. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी टोपलं रिकामं केलं आणि कांदे मुलीच्या कपड्यांत गुंडाळून बॅगेत भरले. जन्मले त्या घरात मी चोरपावलांनी चालत होते. खरं सांगते, मजा आली.

बंगळूरला कुंड्यांत लावले. पाती आली, हिरवीगार, गुडघ्याएवढी. फुलाचा दांडा एकही नाही. शेणखत घातलं, ताक घातलं, कुंड्या उन्हाकडे फिरवल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, बोअरच्या पाण्याचा दोष असेल. दिवाळी झाली तरी पातीच. शेवटी फोन केला, आईला नव्हे, वहिनीला. आडून आडून विचारलं, गुलछडीला खत काय घालता म्हणून.

ती हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, ते थोरलं कांदं फुलून गेलेलं हुतं. एकदा फुलला की त्यो कांदा परत फुलत न्हाय, त्याची बारकी पिल्लं लावायची असत्यात. ते टोपलं मी उकिरड्यावर टाकायला ठिवलं हुतं. रिकामं दिसलं तवाच समजलं."

माझे कान तापले. मग तेव्हाच का नाही बोललात, असं विचारलं.

"बोलले असते तर तुमास्नी वाटलं असतं, वहिनी द्यायला नको म्हणती."

वाटलंच असतं. अगदी हेच वाटलं असतं. आईलाही तिनं काही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात जळत होते, आणि तिला ते सगळं ठाऊक होतं.

आई आजही आधी तिलाच हाक मारते. ते मला बोचतं, बोचत राहील. माहेर म्हणजे न विचारता उचलावं असं आपलं काहीतरी, अशी माझी समजूत होती. आता तिथलं काही हवं असेल तर वहिनीकडे मागावं लागतं. त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी मी मागितलं.

"चैत्रात या," ती म्हणाली. "माझ्यासंगं परसात बसा. लावायचं कसं, ते दावते."

एवढं आईनं मला कधी म्हटलं नव्हतं.